आजी, मला वाचव

ग्लासगो, ६ मार्च २००५

मी पोरीला मारते का, असं तुम्ही वरदाला फोनवर विचारलंत म्हणे. विचारायचं होतं तर मला विचारायचं. मी त्याच घरात, त्या फोनपासून हाताच्या अंतरावर मेथी निवडत बसले होते. लेकीच्या कानाशी लागून विहिणीची चौकशी करायची, ही कुठली रीत? वरदाने मला काही सांगितलं नाही, तिने माझ्या चंदूला सांगितलं. चंदूने चेहरा असा केला की मीच विचारलं, पोट बिघडलंय का रे. मग कळलं.

तर सौ. अनुराधाताईंना इंदुमतीचा नमस्कार. पुण्यात तुम्ही दोघं सुखरूप आहात असं धरून चालते. पुरुषोत्तमरावांचा गुडघा कसा आहे? (दुखत असेल तर जिना बंद करा, तेल चोळून काही होत नाही. हे मी म्हणत नाही, माझा हाडांचा डॉक्टर मुलगा म्हणतो, आणि तो तुमचा जावई आहे.) इकडे सगळे ठीक. तुमची वरदा बँकेतून दमून येते, जेवते, बरी हसते. अन्वीचा पुढचा दात पडला. तो आपोआप पडला, मी पाडला नाही, हे आधीच लिहून ठेवते.

पत्र मी माझ्या हाताने लिहितेय. चौथीत शाळा सुटली ती सुटली, त्यामुळे ओळी वर चढतात, त्या चढू देत. वरदाकडून लिहून घेतलं असतं तर तिने निम्मं गाळून उरलेल्याला साखर लावली असती.

त्या रविवारी तुम्ही काय ऐकलंत ते मला ठाऊक आहे. अन्वी तुमच्याशी बोलत होती, मध्येच ओरडली, "आजी, मला वाचव!", मग धप्प आवाज झाला आणि मग नुसती शांतता. तुमच्या जागी मी असते तर मीही घाबरले असते, पण मी कुजबुजले नसते. आता त्याचं कारण सांगते. ते त्या रविवारी सुरू होत नाही, तुमच्या पुस्तकांपासून सुरू होतं. म्हणजे एका परीने दोष तुमचाच.

ऑक्टोबरात मी निघाले तेव्हा तुम्ही नातीसाठी गोष्टींच्या पुस्तकांचं गाठोडं मिरजेला पाठवलंत. बॅगेचं वजन ठरलेलं. मग मी चकलीची भाजणी बाहेर काढली, मेतकूट काढलं, लिंबाचं लोणचं शेजारणीला दिलं (बरणी तिने अजून परत केलेली नाही), आणि तुमची पुस्तकं भरली. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर तुमच्या सुबक अक्षरात लिहिलेलं, 'चि. अन्वीस, रोज एक गोष्ट आजीकडून वाचून घेणे.' तुम्ही शाळेच्या मुख्याध्यापिका होतात हे मी विसरलेले नाही, पुस्तकागणिक आठवण द्यायची गरज नव्हती. आल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी मी पोरीला मांडीवर घेतलं आणि सशाचं पुस्तक उघडलं. पहिल्या ओळीत 'वृक्षाच्छादित'. अहो, ससा राहतो तिथे झाडं आहेत एवढं म्हटलं तर तो ससा काय रागावणार होता? मी बोट ठेवून, चष्मा पुसून, त्या शब्दाच्या पलीकडे पोचले तोवर पोर झोपलेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने तुमचं पुस्तक नीट मिटून कपाटात ठेवलं आणि शाळेजवळच्या लायब्ररीतून आणलेलं इंग्रजी पुस्तक माझ्या पुढ्यात आणलं. म्हणाली, "आजी, मला वाचव."

हे तिचं मराठी. आपण मला भरव म्हणतो, मला झोपव म्हणतो, तसं तिने मला वाचव केलं. म्हणजे, मला वाचून दाखव. मी सुधारायला हवं होतं, तुम्ही नक्की सुधारलं असतंत, फळ्यावर लिहून. पण सहा वर्षांची पोर मांडीवर बसून मला वाचव म्हणते तेव्हा मला नाही बाई व्याकरण सुचत. आणि मला इंग्रजी येत नाही, हेही तेव्हा तोंडून निघालं नाही. घरात सगळ्यांना येतं, अगदी नळ दुरुस्त करायला येतो त्यालाही. मी पुस्तक उघडलं आणि वाचलं. चित्रं होती की.

पुस्तकात एक उदमांजर होतं. (अन्वी त्याला बॅजर म्हणते. तोंडावर काळे-पांढरे पट्टे, अंगात कोट. आपल्याकडे असलं जनावर नाही, म्हणून मी आपलं उदमांजर म्हटलं.) पहिल्या चित्रात त्याचा गाल हा एवढा सुजलेला, त्याला फडकं बांधलेलं. मग ते आईबरोबर पावसात बसने निघतं. मग एका खोलीत कोल्हा, ससा, साळू असे सगळे तोंड पाडून बसलेले. मग पांढरा झगा घातलेली एक बकरी, हातात काडीला लावलेला इवलासा आरसा. मग पानभर नुसतं उदमांजराचं उघडं तोंड, आत लालभडक, मध्ये पांढरं काहीतरी चमकतंय. आणि शेवटी उदमांजर घरी, गाल उतरलेला, छातीवर चांदणी चिकटवलेली, आणि खिडकीबाहेर गोल चंद्र.

आता तुम्हीच सांगा, ह्याचा दुसरा काय अर्थ होतो? उदमांजराने चंद्र गिळला होता.

तुम्ही एप्रिलात याल तेव्हा इथे उजेड असेल, म्हणून तुम्हाला कळायचं नाही. डिसेंबरात इथे दुपारी साडेतीनला दिवस मिटतो, जसं कुणी पुस्तकच मिटावं. पाऊस पडतो म्हणायला नको, तो हवेत नुसता उभा असतो. रस्त्यावरचे नारिंगी दिवे लागतात आणि ओल्या काचेतून असे पसरतात की खालचा रस्ता आहे की नदी तेच कळत नाही. बस जाते ती दिवे लावलेल्या पडावासारखी, आतली माणसं माना घालून बसलेली, कुठे निघाली देव जाणे. आम्ही दोघी खिडकीशी माझी गोधडी पांघरून बसायचो. खोलीत दिवा लावायचा नाही असं आमचं ठरलेलं, रस्त्याचा उजेड पानाला पुरायचा. अन्वी काचेवर बोट ठेवून विचारायची, "मून कुठे गेली?" आणि खरंच, त्या गावात चंद्र कधी दिसतच नाही, सगळं ढगाच्या पोटात. मग गोष्ट सुरू व्हायची.

ती रोज निराळी व्हायची. आई-उदमांजर बसने निघायची ती कधी कृष्णेच्या घाटावर उतरायची, तर कधी ढगावर. कोल्हा तिकीट विचारायचा. साळू गोधडीतला एखादा तुकडा मागायची (हिरवा काठ माझ्या लग्नातल्या लुगड्याचा, तो मी दिला नाही), आणि उदमांजर प्रत्येक वळणावर तोंड घट्ट मिटून बसायचं, कारण तोंड उघडलं तर उजेड सांडेल आणि सगळ्यांना कळेल. बकरी मोठी चेटकीण. ती आरशात बघून म्हणायची, आहे, आत आहे. आणि मग तोंड उघडायचं. सांगता सांगता माझाच डोळा लागायचा, आणि झोपेत मी त्याच बसमध्ये असायचे, मांडीवर ते ऊबदार जनावर, आणि मला एवढंच ठाऊक असायचं की पुढच्या थांब्यावर उतरायचं नाही. जाग आली की अन्वी गाल ओढत असायची. प्रत्येक वेळी शेवटचा प्रश्न तोच: "मून वाचली?" मी म्हणायचे, वाचला. मग ती जेवायला उठायची.

ह्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडवलं विहानने.

विहान माझ्या लेकीचा, मीनलचा, आठ वर्षांचा. तो रीडिंगला राहतो. (चंदू म्हणतो त्या गावाचं नाव वाचायचं रेडिंग, पण लिहायचं वाचन. इंग्रजांना आपली गावंसुद्धा धड वाचता येत नाहीत आणि तुम्ही मला वृक्षाच्छादित देता.) तो कॉर्नफ्लेक्सचा डबासुद्धा वाचतो. अन्वीने त्याला फोनवर सांगितलं, जगातलं सगळ्यात चांगलं पुस्तक आहे, तू वाचच. पोरांचं चांगलं असतं, भाऊबहिणींत पुस्तकाची शिफारस झाली की लगेच अंमल होतो. मीनलने ते पुस्तक तिकडच्या लायब्ररीतून आणून दिलं. आठवड्याने त्याचा फोन आला. पुस्तकात चंद्रबिंद्र काही नाही, म्हणाला. ते पुस्तक दाताच्या डॉक्टरकडे न घाबरता कसं जावं ह्याचं आहे. उदमांजराचा दात किडलेला असतो. बकरी डेंटिस्ट असते. आणि आजी चीटिंग करते.

अहो, मिरजेचा आमचा दाताचा डॉक्टर असा दिसत नाही. तो बकरीही नाही. मला कसं कळावं?

अन्वी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, फोन हातातच. मी म्हटलं, लायब्ररीचं पुस्तक आहे बाळा, दहा हातांतून जातं. विहानच्या पुस्तकातला चंद्र आधीच कुणीतरी काढून नेला असेल. ती म्हणाली, "आपल्या बुकमध्ये आहे?" मी म्हटलं, आहे. ती गेली, पुस्तक उघडलं, आणि अक्षरांवर बोट ठेवून बसली. तिला शाळेत नुकतंच वाचायला शिकवू लागले होते. मी वृक्षाच्छादितवर ठेवते तसंच बोट, तसाच श्वास कोंडून.

त्यानंतर तिने पुस्तक माझ्याकडे आणलं नाही. संध्याकाळी खिडकीशी यायची, गोधडीत बसायची, पण मला वाचव म्हणायची नाही. मी तिला दुसऱ्या गोष्टी सांगून पाहिल्या. ती ऐकायची, पण पाहुणे ऐकतात तशी, मान हलवत. मला काय, माझं स्वेटर विणून झालं. मांडी मोकळी असली की हात भराभर चालतात. पुढे कधी मोठी झाली की तिला एवढंच आठवेल की आपल्याला एक आजी होती, ती थापा मारायची, असं मनात यायचं, मग मी एक उलटा टाका घालायचे आणि तो उसवत बसायचे.

जानेवारीत तिचा खालचा एक दात दुखायला लागला. गाल सुजला. चंदूने डेंटिस्टची वेळ घेतली आणि आम्ही तिघं गेलो. पावसातून, बसने, कारण त्या दिवशी गाडी वरदाने नेलेली. बाहेरच्या खोलीत लोक तोंड पाडून बसलेले. एक म्हातारा तर हुबेहूब कोल्हा. माझ्या अंगावर काटा आला, तुम्ही हसलात तरी चालेल. मला वाटलं, आता आत पांढऱ्या झग्यात कोण असणार ते मला माहीत आहे.

बकरी नव्हती. लाल केसांची उंच बाई होती, हात थंडगार, बोलणं गोड. इथे सगळ्याला 'वी' म्हणतात, म्हणजे छोटं: वी कप, वी मिनिट, वी पाऊस. ती म्हणाली वी तोंड उघड. अन्वीने ते घट्ट मिटलं. चंदूने समजावलं, मग दटावलं, मग चॉकलेट कबूल केलं (दाताच्या डॉक्टरिणीसमोर). पोर खुर्चीत आक्रसत गेली, ओठ पांढरे झाले. डॉक्टरिणीने दिवा ओढून आरसा पुढे केला, आणि अन्वी ओरडली, "आजी, मला वाचव!"

तुम्ही फोनवर ऐकलंत तसंच. चंदू पांढराफटक पडला, आणि म्हणे हाडं कापताना त्याचा हात हलत नाही. आणि मी, मला तर तिचं मराठी ठाऊक होतं, तरी त्या क्षणी मीही साधं मराठीच ऐकलं. उठले आणि त्या बाईचं मनगट धरलं. दिवा हलला, आरसा खाली पडला, बाहेरचा कोल्हा दारात येऊन बघायला लागला. आणि मग अन्वी जरा चिडूनच म्हणाली, "आजी, बॅजर. वाच ना."

पुस्तक बरोबर नव्हतं. मी मनगट सोडलं, बाईच्या हातावरून जरा हात फिरवला, म्हणजे मनात काही राहू नये, आणि स्टूल ओढून बसले. सगळी गोष्ट सांगितली. बस, पाऊस, कोल्हा, साळू, हिरवा काठ. डॉक्टरिणीने चंदूला विचारलं, ह्या काय म्हणतायत? आणि इतका शिकलेला माझा मुलगा, मान खाली घालून, इंग्रजीत सांगू लागला की माझी आई म्हणते ह्या मुलीच्या तोंडात चंद्र आहे. ती बाई हसली नाही. तिने मोठा दिवा मालवला, छोटा उजेड हातात घेतला आणि वाकून वाट बघत राहिली. अन्वीने मला विचारलं, "मून वाचली?" मी म्हटलं, ते तुझ्यावर आहे. आणि तिने तोंड उघडलं, पानभर.

बाई आत बघून म्हणाली, आहे, एक वी तुकडा दिसतोय. चंदूने ते मराठीत सांगितलं. मला त्याची गरज नव्हती.

बाहेर पडलो तर अंधार होऊन गेला होता, पाऊस थांबलेला. छातीवर चिकटवलेली चांदणी सांभाळत अन्वी बसच्या थांब्यावर उभी होती. आणि समोरच्या धुराड्यांवरून ढग बाजूला झाले आणि तो आला, गोल, धुतलेला, इतका जवळ की घरांच्या खिडक्यांना टेकेल. सबंध हिवाळ्यात पहिल्यांदा. रांगेतले लोकही वर बघायला लागले. अन्वीने माझा हात ओढला आणि म्हणाली, "आजी, मून वाचली."

आता ह्याचा अर्थ चंद्र जगला, की आपण तो वाचला, ते मी तिला विचारलं नाही. थंडी होती आणि बस आली होती.

घरी आल्यावर तिने ते पुस्तक आणलं आणि आधी स्वतः वाचलं. इंग्रजीत, बोट ठेवून, अडखळत, सगळं. मला न समजणाऱ्या भाषेत मला कुणीतरी पहिल्यांदाच वाचून दाखवत होतं. चंदू दारात उभा राहून सांगत होता: दोनदा दात घासा, गोड कमी खा, डॉक्टर आपला मित्र आहे. फार कोरडं आहे हो, त्यापेक्षा तुमचा ससा बरा. शेवटचं पान झाल्यावर तिने पुस्तक उलटं फिरवून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "हे बुकचं झालं. आता तुझं वाच."

तेव्हापासून रोज असं चालतं. त्या रविवारी तुमच्याशी बोलता बोलता तिला खिडकीबाहेर अंधार पडलेला दिसला, ती फोन टाकून धावली, तो तिथेच लोंबकळत राहिला. धप्प आवाज आला तो पुस्तक माझ्या मांडीवर आपटल्याचा. मारत असलंच कुणी, तर ती मला.

आता कामाचं. माझा पासपोर्टावरचा सहा महिन्यांचा शिक्का एप्रिलात संपतो. मी मिरजेला जाणार आणि तुम्ही माझ्या जागी येणार, दवाखान्यात नर्सांच्या पाळ्या बदलतात तसं. ती तुमच्या पुढ्यातही हे उदमांजर आणून ठेवेल. तुम्हाला इंग्रजी येतं, तुम्ही आपल्या सवयीने लिहिलेलं ते वाचायला लागाल. ते करू नका. लिहिलेलं ती वाचेल, तुम्ही चंद्राचं वाचायचं. जमणार नाही असं म्हणू नका, मी चौथी शिकलेली, मला जमलं. आणि 'मला वाचव' सुधारू नका. मोठी झाल्यावर कुणीतरी सुधारेलच. तोवर राहू दे.

पुरुषोत्तमरावांना नमस्कार. गुडघ्याचं लक्षात ठेवा.

तुमची विहीण,
इंदुमती

ता. क. हिरव्या काठाचा तुकडा साळूला द्यायचा नाही. ती रोज मागते. गोधडी इथेच ठेवून जातेय, तेव्हा तुम्हाला सांगून ठेवलेलं बरं.

ता. क. दुसरा. कपाटात तुमची पुस्तकं शोधू नका, ती नाहीत. अन्वी शाळेत गेली की मी एकेक काढत होते. वृक्षाच्छादित आता मला न थांबता येतं. सशाचं झालं, माकडाचं झालं, राजाच्या दाढीचं निम्मं राहिलंय, म्हणून सगळीच मिरजेला घेऊन चाललेय. तिकडे संध्याकाळी घरात कुणी नसतं. नातीसाठी तुम्ही दुसरी आणा. बॅगेत जागा नसेल तर तुमची भाजणी काढा.

ता. क. तिसरा. इथे आल्यावर उदमांजर कुठकुठे गेलं ते मला मिरजेच्या पत्त्यावर कळवायचं. उत्तर तुम्हीच लिहायचं, वरदाने नाही, चंदूने फोनवर तर नाहीच. अक्षर मोठं काढा, म्हणजे मी वाचेन.